स्वतःची सीडी काढताना : गोव्यातील नवोदित गायक-वादकांसाठी

आपल्या गाण्याची किंवा आपल्या भजनी मंडळाची सीडी काढायचे मनात आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "एका सीडीला खर्च किती येतो?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण शंभर प्रती काढणाऱ्याची वाट वेगळी आणि हजार प्रती काढणाऱ्याची वेगळी, तबकडी तयार करण्याची पद्धत, कव्हरची छपाई, विक्रीची किंमत, इतकेच काय, स्टुडिओवर किती पैसे घालावेत हेदेखील प्रतींच्या संख्येवर ठरते. तेव्हा आधी संख्या ठरवावी आणि मगच बाकीच्या गोष्टींना हात घालावा. मी स्वतः हे उलट्या क्रमाने केले होते, आणि त्या पहिल्या सीडीची दोन खोकी अजून आमच्या घरी कपाटावर पडून आहेत.

प्रती किती काढाव्यात

सीडी आज कोण विकत घेते याचा विचार निर्मळ मनाने करावा. नव्या गाड्यांत सीडी प्लेअर येत नाही, नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पा नसतो, आणि तरुण श्रोता गाणे मोबाइलवर ऐकतो. उरतात ते घरी जुनी म्युझिक सिस्टीम जपून ठेवलेले ज्येष्ठ श्रोते, जुन्या गाडीचे मालक, कुलदैवताच्या दर्शनाला मुंबई-पुण्याहून आलेली आणि प्रसादाबरोबर काहीतरी घेऊन जाऊ पाहणारी मंडळी, आणि मैफल आवडली म्हणून गायकाच्या सहीसह आठवण घरी नेणारे रसिक. हा वर्ग लहान आहे, पण तो पैसे देऊन घेतो, हे विसरू नये. पुढील बारा महिन्यांत आपले किती कार्यक्रम ठरले आहेत ते मोजावे आणि शंभर श्रोत्यांमागे पाच-सहा प्रती खपतील असे धरावे. त्याहून जास्त खपल्या तर आनंदच आहे. नातेवाईक, गुरुजी, वादक आणि देवस्थान यांना भेट द्यायच्या प्रती वेगळ्या मोजाव्यात, कारण त्या हमखास अंदाजापेक्षा जास्त जातात.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, स्टुडिओ, वादकांचे मानधन, मास्टरिंग आणि कव्हरची मांडणी मिळून ६०,००० रुपये लागले, प्रत्येक प्रतीला तबकडी, छपाई आणि डबी यांचे ६० रुपये पडले, आणि किंमत २०० रुपये ठेवली. स्वतःच्या हाताने विकलेल्या प्रतीमागे १४० रुपये सुटतात, म्हणजे मूळ खर्च वसूल व्हायला ४२९ प्रती विकाव्या लागतील. तीच प्रत दुकानातून गेली आणि दुकानदाराने पंचवीस टक्के घेतले तर हाती ९० रुपये राहतात आणि आकडा ६६७ वर जातो. तीनशेच प्रती खपतील असे वाटत असेल, तर सीडीतून सगळा खर्च निघणार नाही हे कागदावरच दिसते. मग एक तर स्टुडिओचा खर्च कमी करावा, नाहीतर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) किंवा सप्ताहाच्या स्मरणिकेसाठी घेतो तशा दोन-चार सौजन्य जाहिराती कव्हरच्या आतल्या पानावर घ्याव्यात. त्यात कमीपणा काही नाही. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या कलाकारांसाठी असलेल्या अर्थसाहाय्याच्या चालू योजनाही एकदा पणजीला जाऊन पाहून याव्यात, मात्र मंजुरी हातात येईपर्यंत ते पैसे हिशेबात धरू नयेत.

तारखाही इथेच ठराव्यात, आणि त्या शेवटाकडून मागे मोजाव्यात. भजनाची किंवा घुमट आरतीची (घुमट या वाद्याच्या साथीने गायच्या आरतीची) सीडी चवथीच्या आधी तीन आठवडे हाती हवी. वास्कोच्या दामोदर सप्ताहात विकायची असेल तर श्रावण लागण्यापूर्वी. छपाई आणि तबकड्यांना एक महिना, मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंगला (त्याविषयी पुढे) एक महिना धरला, तर ध्वनिमुद्रण एप्रिलपर्यंत उरकायला हवे. हा हिशेब पावसासाठीही सोयीचा आहे, त्याचे कारण पुढे येईल. ज्यांना जत्रांच्या हंगामात, म्हणजे कार्तिकापासून माघातल्या मंगेशीच्या जत्रेपर्यंत, विक्री करायची आहे त्यांनी पावसाळ्यात मिक्सिंग करावे आणि छपाई दसऱ्याला उरकावी.

शब्द कोणाचे, चाल कोणाची

नवोदितांच्या सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या सीडी बाहेर पडल्यावर लक्षात येतात. गाण्याचे शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी. तिन्हींचे स्वामित्वहक्क वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार शब्दांचा आणि चालीचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. तुकोबा, नामदेव, ज्ञानदेव यांच्या अभंगांच्या शब्दांना कोणाची परवानगी लागत नाही. परंतु तोच अभंग एखाद्या आधुनिक संगीतकाराने बांधलेल्या चालीत गायचा असेल तर चालीची परवानगी लागते. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली गेले. त्यांनी बांधलेल्या चाली २०५८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. बोरकरांची, म्हणजे आपल्या बाकीबाबांची, कविता गोव्यात जो तो गाऊ पाहतो, आणि ते स्वाभाविक आहे. पण बाकीबाब १९८४ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०४४ संपेपर्यंत मोकळे होत नाहीत. याउलट नाटककार देवल १९१६ मध्ये आणि खाडिलकर १९४८ मध्ये गेल्यामुळे त्यांच्या नाट्यपदांचे शब्द आज खुले आहेत. चालीचे मात्र प्रत्येक पदाला स्वतंत्र पाहावे लागते, कारण जुन्या पदांना पुढच्या पिढ्यांनी नव्या चाली दिल्या आहेत.

कायद्यात कलम ३१-सी नावाची एक वाट आहे. पूर्वी ध्वनिमुद्रित झालेले गाणे, पहिल्या ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपून पाच वर्षे झाल्यावर, आगाऊ सूचना देऊन आणि ठरलेले मानधन भरून पुन्हा गाऊन काढता येते. वाचायला हे सोपे वाटते, पण त्यात वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे मानधन भरावे लागते, त्यामुळे तीनशे प्रती काढणाऱ्याला ही वाट परवडणारी नाही. त्यापेक्षा हक्कधारकाला, बहुधा कवीच्या किंवा संगीतकाराच्या वारसांना, किंवा ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिला, सरळ पत्र लिहावे; किती प्रती, कोणत्या स्वरूपात, किती किमतीला हे स्पष्ट सांगावे आणि परवानगी लेखी घ्यावी. तोंडी "गा रे, गा" याला नंतर कोणी विचारत नाही. इंटरनेटवरून उतरवून घेतलेला कॅराओके ट्रॅक विकाऊ सीडीत कधीही वापरू नये, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

आपल्याच वादकांशीही एका पानाचा करार करावा. पेटी, पखवाज, घुमट, टाळ, झील धरणारे (मागून साथीला गाणारे), सर्वांचे मानधन किती, ते एकदाच द्यायचे की विक्रीतला वाटा, आणि हेच ध्वनिमुद्रण पुढे इंटरनेटवर टाकले तर काय, एवढे त्यात असले म्हणजे पुरे. मंडळातल्या मंडळात कागद करायला लाज वाटते हे मान्य, पण कागद केल्याने मंडळ फुटल्याचे मी पाहिलेले नाही. न केल्याने फुटलेले पाहिले आहे.

ध्वनिमुद्रण

पैसे असतील तर स्टुडिओत जावे, आणि तालीम इतकी करून जावे की तिथे चाल आठवत बसण्यात तास जाणार नाहीत. स्टुडिओचे बिल तासावर चढते. सर्वांनी एकत्र बसून गायचे की आधी ठेका आणि पेटी घेऊन वर आवाज चढवायचा, हे आधीच ठरवावे. भावगीताला दुसरी पद्धत चालते. भजनाला ती मानवत नाही. गजर चढत जातो तेव्हा गायक आणि पखवाजी एकमेकांकडे पाहून लय वाढवतात, आणि ते एकमेकांना न पाहता होत नाही.

पुष्कळांना स्टुडिओ परवडत नाही आणि ते घरी किंवा देवळाच्या सभामंडपात ध्वनिमुद्रण करतात. ते चांगले होऊ शकते, फक्त जागा ऐकून निवडावी. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत प्रतिध्वनी आला तर त्या खोलीत चादरी, गोधड्या, गाद्या लावल्याशिवाय सुरुवात करू नये. चिऱ्याच्या भिंती आणि लादीची जमीन आवाज परतवते. देवळाच्या मंडपाचा घुमारा ऐकायला गोड असतो, पण एकदा मुद्रित झाला की काढता येत नाही, म्हणून माईक गायकाच्या जवळ, वीतभर अंतरावर ठेवावा. कौलारू घरात पावसाळ्यात ध्वनिमुद्रणाचे नाव काढू नये. मंगळूरी कौलांवरचा पाऊस आपल्या कानाला सवयीचा असल्यामुळे गाताना ऐकू येत नाही आणि माईकला मात्र सगळा ऐकू जातो. दमट हवेत तबल्या-पखवाजाची पुडी सैल पडते, स्वर उतरतो आणि दर दोन गाण्यांनी पुन्हा जुळवावे लागते. एप्रिलपर्यंत उरका असे वर म्हटले ते याचसाठी.

पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद ठेवावेत. शक्य असल्यास रात्री दहानंतर बसावे. आमच्या पहिल्या सीडीत तिसऱ्या अभंगाच्या अगदी शेवटच्या आलापात पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याचे "पों पों" आहे. सकाळची वेळ होती, आलाप इतका छान लागला होता की पुन्हा घ्यावासा वाटला नाही, आणि मिक्सिंग करणाऱ्याला ते काढता आले नाही. श्रोत्यांपैकी गोव्याबाहेरच्यांना ते बासरीसारखे वाटते म्हणतात. मला अजूनही पावाची आठवण होते.

घुमटाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या ध्वनिमुद्रकांना हे वाद्य फारसे माहीत नसते. घुमट हे मातीचे, दोन्हीकडे तोंड असलेले वाद्य आहे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते. पूर्वी घोरपडीचे असे, आता कायद्याने घोरपड संरक्षित असल्यामुळे बकरीचे लावतात. लहान तोंड उघडे असते आणि वादक डाव्या हाताने ते झाकत-उघडत घुमारा कमी-जास्त करतो. एकच माईक चामड्यासमोर ठेवला तर बोटांचा टकटकाट येतो आणि घुमटाचा जीव जो घुमारा तो हरवतो. म्हणून एक माईक चामड्याच्या बाजूने हातभर अंतरावर आणि दुसरा लहान तोंडाच्या बाजूला, पण थेट समोर न ठेवता थोडा तिरका ठेवावा, म्हणजे आतून येणारी हवा माईकवर आदळून फटफट आवाज होणार नाही. नंतर दोन्ही माईक एकत्र ऐकावेत. घुमारा वाढण्याऐवजी पातळ झाला असेल तर दोन्ही माईकच्या लहरी एकमेकींना खात आहेत, तेव्हा एका ट्रॅकची फेज (लहरीची दिशा) उलटून पाहावी किंवा माईक थोडा हलवावा. शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठे टाळ) यांना मागे बसवावे. कासाळ्याचा आवाज एवढा भेदक असतो की ते गायकाच्या माईकमध्ये शिरले तर मिक्सिंगमध्ये करण्यासारखे काही राहत नाही.

आवाजाची पातळी भीतभीत ठेवावी. २४ बिटवर मुद्रण केले तर सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. लाल दिवा लागून फाटलेला आवाज मात्र पुन्हा जोडता येत नाही. प्रत्येक गाण्याचे दोन पूर्ण टेक घ्यावेत. त्याच रात्री सर्व फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवाव्यात आणि एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी.

मिक्सिंगनंतरचे काम

मिक्सिंग झाले की गाणी एकामागून एक लावण्याचे, त्यांची पातळी एकमेकांशी जुळवण्याचे आणि सीडीसाठी तयार करण्याचे जे काम उरते त्याला मास्टरिंग म्हणतात. ते शक्यतो मिक्सिंग केलेल्या माणसाखेरीज दुसऱ्याकडून करून घ्यावे, कारण महिनाभर तेच ऐकलेले कान थकलेले असतात. आवाज मोठा करून घेण्याचा मोह टाळावा. भजनाची सुरुवात हळू आणि गजर मोठा असतो. सगळे एकाच पातळीवर दाबून आणले की गजर येतो तेव्हा काही घडल्यासारखे वाटत नाही.

ऑडिओ सीडीचे नियम १९८० साली सोनी आणि फिलिप्स यांनी ठरवले आणि ते अजून तसेच आहेत : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, जास्तीत जास्त ९९ ट्रॅक. वेळेची मर्यादा मूळची ७४ मिनिटे आणि पुढे आलेल्या तबकडीत ८० मिनिटे. मी ७४ मिनिटांच्या आत राहतो, कारण जुने प्लेअर कडेच्या शेवटच्या मिनिटांत अडखळतात. खरे तर नवख्या गायकाने पंचेचाळीस-पन्नास मिनिटांतच थांबावे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग ऐकला आहे.

काही बारीक गोष्टी इथे पाहून घ्याव्यात. प्रत्येक गाण्याच्या पहिल्या स्वरापूर्वी साधारण अर्ध्या सेकंदाची शांतता ठेवावी, नाहीतर जुने प्लेअर पहिल्या अक्षराचा तुकडा गिळतात. अभंगातून थेट गजरात जाणारी जागा असेल तर दोन ट्रॅकमध्ये शून्य अंतर ठेवण्यास स्पष्ट सांगावे, कारण न सांगितल्यास दोन सेकंदांची खिंड पडते आणि रंग उतरतो. गाण्यांची नावे तबकडीत कोरायची असतील तर ती रोमन लिपीत द्यावीत. प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा जागतिक ओळख क्रमांक घेता येतो, आणि पुढे तेच गाणे इंटरनेटवर किंवा रेडिओवर जाणार असेल तर तो आत्ताच घेतलेला बरा.

शेवटी मास्टरिंग करणाऱ्याकडून डीडीपी प्रतिमा मागावी. ही फाइलींची एक जुडी असते, तीत ट्रॅकची अंतरे, नावे आणि क्रमांक सगळे असते आणि पाठवताना फाइल बिघडली का हे तपासण्याची सोयही असते. ते जमत नसेल तर एक तपासलेली ऑडिओ सीडी मास्टर म्हणून द्यावी. एमपीथ्री फाइल मास्टर म्हणून कधीही देऊ नयेत. एमपीथ्री फाइल तबकडीवर नुसत्या उतरवल्या की सीडी झाली, असे समजणारे अजून भेटतात. ती डेटा सीडी होते आणि ज्या ज्येष्ठ श्रोत्यासाठी आपण हा खटाटोप करतो त्याच्या प्लेअरवर ती वाजतच नाही.

तबकडी कशी तयार होते

दोन पद्धती आहेत. पहिली रेप्लिकेशन. हिच्यात मास्टरवरून काचेची मूळ प्रत, तिच्यावरून निकेलचा साचा, आणि त्या साच्यात वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबून प्रत्येक तबकडी घडवतात. मग तिच्यावर अॅल्युमिनियमचा थर, वार्निश आणि छपाई चढते. साच्याचा खर्च एकदाच असल्यामुळे पाचशे-हजारांच्या खाली हे परवडत नाही. हे कारखाने आता देशात थोडे उरले आहेत. तबकड्यांच्या उत्पादनात एकेकाळी जगात नाव असलेली मोझर बेअर ही कंपनीदेखील २०१८ मध्ये अवसायनात गेली. दुसरी पद्धत डुप्लिकेशन, म्हणजे कोऱ्या सीडीवर बर्न करणे. पन्नास-शंभर-दोनशे प्रतींना हीच योग्य, आणि गोव्यातल्या गोव्यात होते.

बर्न करून घेताना चांगल्या कंपनीच्या, वरून पांढऱ्या आणि थेट छपाई होणाऱ्या कोऱ्या सीडी घ्याव्यात. सर्वाधिक वेगाने बर्न न करता मधला वेग ठेवावा, "डिस्क अॅट वन्स" (सगळी तबकडी एका दमात बर्न करण्याची) पद्धत निवडावी, तबकडी फायनलाइज झाली आहे, म्हणजे शेवटी बंद केली आहे, ना ते पाहावे. वरून कागदी लेबल चिकटवू नये. आपल्या दमट हवेत ते कडेला सुटते, आणि गाडीच्या फटीसारख्या प्लेअरमध्ये सुटलेले लेबल अडकले की तबकडी आत गेली ती बाहेर येत नाही.

पूर्ण संख्येची मागणी देण्यापूर्वी एक नमुना प्रत मागावी आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता, ऐकावी. नंतर तीच प्रत जुन्या म्युझिक सिस्टीमवर, एका गाडीत आणि एका संगणकावर लावून पाहावी. क्रम कव्हरवरच्या क्रमाशी जुळतो का, डावा-उजवा आवाज उलटला नाही ना, एखाद्या गाण्याची सुरुवात कापली गेली नाही ना, एवढे तपासावे. प्रती आल्यावर दर वीस-पंचवीस प्रतींमागे एक लावून पाहावी.

कव्हर

नेहमीच्या प्लास्टिकच्या डबीसाठी पुढची पुस्तिका १२० गुणिले १२० मिलिमीटर असते, मागचा कागद दोन्ही कडांच्या घड्या धरून साधारण १५१ गुणिले ११८ मिलिमीटर. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीची छपाई सोडावी आणि छायाचित्रे ३०० डीपीआयची द्यावीत. प्रती कमी असतील तर पुठ्ठ्याचे साधे पाकीट स्वस्त पडते आणि टपालात फुटत नाही. मात्र पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो आणि त्याच्यावर बुरशी धरते, म्हणून ते प्लास्टिकच्या पातळ पिशवीत बंद करून घ्यावे.

तबकडीवर देवाचे चित्र छापू नये असे माझे मत आहे. तबकडीला मधोमध भोक असते आणि ते नेमके देवाच्या मुखावर किंवा छातीवर येते. शिवाय लोक तबकडी टेबलावर पालथी ठेवतात आणि मग कोणीतरी घरातले वडीलधारे ते पाहून अस्वस्थ होते. चित्र कव्हरवर घ्यावे, आणि तेही देवस्थान समितीची लेखी परवानगी घेऊन. तबकडीवर नाव, गायक आणि कायद्याचा मजकूर पुरे.

तो मजकूर अनिवार्य आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२-ए प्रमाणे ध्वनिमुद्रण काढणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष तबकडीवर आणि वेष्टनावर असावे लागते. नसल्यास शिक्षेची तरतूद आहे. बंद वेष्टनात विकायचे तर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्षही छापावे. सीडीऐवजी व्हिडिओची डीव्हीडी काढणार असाल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, हे त्यातून वेगळे प्रकरण आहे.

देवनागरी मजकूर छापखान्यात देताना अक्षरांचे रूपांतर आकृतींत करून द्यावे. छापखान्याच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरे सुटतात आणि "श्री"चे काय होते ते सांगवत नाही. मुद्रिते किमान तिघांनी तपासावीत, त्यांपैकी एकाने गाणी न ऐकलेली असावीत. आमच्या दुसऱ्या सीडीत पखवाजवादकाच्या आडनावावर नसलेला अनुस्वार आला. मी, मांडणी करणारा आणि छापखाना, तिघांनीही तो पाहिला नाही. पहिली प्रत हातात घेऊन त्याच्या वडिलांनी पाहिला. दोनशे प्रतींवर भातकणाएवढ्या चिठ्ठ्या चिकटवत आम्ही दोन संध्याकाळी ओटीवर बसून होतो.

कव्हरच्या मागे एक क्यूआर कोड छापावा, म्हणजे ज्याच्याकडे प्लेअर नाही तोदेखील सीडी विकत घेऊन मोबाइलवर ऐकू शकतो. बारकोड मोठ्या दुकानांत माल ठेवणार असाल तरच लागतो.

विक्री

सर्वांत जास्त सीडी कार्यक्रम संपल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत खपतात. टेबल बाहेर पडण्याच्या दारापाशी असावे, त्याच्यामागे गायकाखेरीज दुसरा माणूस असावा, किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी, यूपीआयचा कोड उभा ठेवलेला असावा आणि सुटे पैसे असावेत. निवेदकाने मध्यंतरापूर्वी एकदा सांगितले म्हणजे पुरे. रवींद्र भवन, कला अकादमी किंवा देवस्थानाचा मंडप असो, टेबल मांडण्याची परवानगी आयोजकांकडून आधीच घ्यावी.

जत्रेच्या फेरीत (जत्रेत लागणाऱ्या दुकानांत), देवळाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानांत आणि चवथीपूर्वी माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराच्या आसपास पाच-पाच प्रती ठेवून पाहाव्यात. दुकानदार बहुधा विकल्यावर पैसे देतो, म्हणून किती प्रती, कोणत्या तारखेला, किती टक्क्यांवर दिल्या याची वही ठेवावी आणि तिच्यावर त्याची सही घ्यावी. महिन्याने फेरी मारावी. न गेल्यास प्रती उन्हात पडून वाकतात आणि वहीवरून वाद होतो. फोंडा आणि म्हापसा इथे गिऱ्हाईक वेगळे, मडगावचे वेगळे, तेव्हा जिथे खपते तिथेच पुन्हा द्यावे.

घरी ठेवायच्या प्रती उभ्या, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात. पहिल्या दहा प्रती बाजूला काढून त्यांच्यावर "विकायच्या नाहीत" असे लिहावे.

संपलेल्या सीडीच्या आणखी प्रती काढताना छापखान्यात दुरुस्त केलेली फाइल नव्या नावाने, तारखेसह द्यावी आणि जुनी त्यांच्या संगणकावरून आपल्या समोर पुसून घ्यावी. आमच्या त्या सीडीच्या आणखी शंभर प्रती काढल्या तेव्हा छापणाऱ्याने सवयीने जुनीच फाइल उघडली, आणि अनुस्वार परत आला.